केतकीचा निळा हात

"कुणी जागचं हलू नका," असं म्हणून केतकी संकपाळने उजवा हात पुढे धरला आणि लाइन तीनच्या कडेने ती एकेक पाऊल टाकत निघाली.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. हात भाजल्यानंतर तब्बल सात महिन्यांनी ती कामावर परतली होती आणि अजून तिने पहिला चहासुद्धा घेतला नव्हता. धरणीधर पॉलिकोटच्या त्या लांबलचक शेडमध्ये रोजच्यासारखं काम चालू होतं. एका टोकाने कापडाचा तागा आत जात होता, त्यावर रेझिनचा, म्हणजे चिकट पातळ प्लास्टिकचा थर चढत होता आणि दुसऱ्या टोकाने गाडीच्या सीटला लावायचं कृत्रिम चामडं बाहेर पडत होतं. गाड्यांमध्ये जनावराचं कातडं वापरायला बंदी आल्यापासून कागलच्या एमआयडीसीत असे कारखाने पटापट उभे राहिले होते. भिंतीवरचे गॅस मोजणारे सेन्सर हिरवे दिवे लावून निवांत बसले होते. कुणाला कसला वासही येत नव्हता. केतकीचा तळहात मात्र निळा पडायला लागला होता.

मिक्सरपाशी तो जेमतेम निळसर होता. पंपापाशी आणखी फिका झाला, म्हणून ती मागे वळली. भट्टीतली वाफ परत नेणाऱ्या पाइपाखाली येऊन ती थांबली आणि मिनिटभरात तळहात पिकल्या जांभळासारखा गडद झाला. तिने मान वर केली. पाइपाचा एक जोड तिच्या बरोब्बर डोक्यावर होता.

"मामा, साबणाचं पाणी आणता?"

आनंदा खोत हे तिचे सख्खे मामा आणि कारखान्यातले सगळ्यांत जुने ऑपरेटर. ते दुसऱ्या कुणाला न सांगता स्वतःच शिडीवर चढले आणि ब्रशने जोडावर फेस फासला. फेसातून बारीक बारीक फुगे उठायला लागले. गळती होती. जिथे दहा लाखांचं यंत्र गप्प होतं तिथे केतकीच्या हाताने ती पकडली होती.

"नाद खुळा," खालून कुणीतरी म्हणालं, आणि मग सगळेच तिच्याभोवती जमून हात बघायला लागले. बघता बघता निळा रंग ओसरला आणि तळहात पुन्हा गव्हाळ झाला. मामा शिडीवरून उतरले ते तोंडभर हसतच. "भाची हाय माझी," ते ज्याला त्याला सांगत सुटले. जणू हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

त्या हाताची हकीकत अशी. रेझिन पातळ ठेवायला जे द्रावण वापरतात त्याला कारखान्यात नुसतं डीएमएफ म्हणतात. दिसायला पाण्यासारखं, वास अगदी मंद, पण अंगी एक वाईट खोड. ते कातडीवर थांबत नाही, सरळ आत जातं. सात महिन्यांपूर्वी केतकी कोटिंगचं पातं साफ करत होती. त्या मिश्रणात डीएमएफबरोबर त्याच्याहून जहाल असं आणखी एक द्रावण होतं. हातात मोजे होते, म्हणून ती निर्धास्त होती, आणि तिथेच फसली. द्रावण मोज्यातून झिरपून आत आलं. उघड्या हातावरून ते उडून तरी गेलं असतं. मोज्यात ते कोंडलं गेलं. आधी हाताला गारवा वाटला, मग चुरचुर सुरू झाली. हातातलं काम संपवूनच मोजा काढू, असं म्हणता म्हणता चाळीस मिनिटं गेली. मोजा काढला तेव्हा तळहाताची कातडी मोज्याबरोबर निघून आली.

कोल्हापुरात डॉक्टर शिरीन मुजावर यांनी तिच्याच मांडीवरच्या पेशी वाढवून तिला नवी त्वचा दिली. असं तर पुष्कळ ठिकाणी करतात. डॉक्टरांनी एक पाऊल पुढे टाकलं. मातीत काही जीवाणू असे असतात की डीएमएफ हेच त्यांचं अन्न. ते ओळखायला त्यांच्याकडे एक खास प्रथिन असतं. ते प्रथिन बनवण्याची सूचना डॉक्टरांनी दर शंभरातल्या एका पेशीत घातली आणि त्या पेशींमध्ये निळ्या रंगाचे कण ठेवले. एरवी हे कण पेशीच्या मधोमध गोळा होऊन बसतात आणि दिसत नाहीत. डीएमएफचा रेणू प्रथिनाला चिकटला की ते पसरतात. झाडावरचा बेडूक रंग बदलतो तो याच युक्तीने. रेणू निघून गेला की कण पुन्हा गोळा होतात.

"हेतू एवढाच आहे," डॉक्टर म्हणाल्या होत्या, "की पुढच्या वेळी मोजा झिरपला तर तुम्हाला चाळीस मिनिटं वाट बघावी लागू नये."

पण नवी त्वचा डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा कितीतरी तिखट निघाली. गळतीची बातमी ऐकून त्या फोनवर इतक्या भराभर बोलायला लागल्या की केतकीला निम्मं कळलंच नाही. निम्म्यावरूनसुद्धा तिच्या अंगावर काटा आला.

पुढचे तीन आठवडे म्हणजे नुसती धमाल होती. केतकीने स्टोअरमधले पाचही तऱ्हेचे मोजे मागवले, आणि खेळ सुरू झाला: एकेक हातावर चढवायचा, मोज्यासकट डीएमएफमध्ये बोट बुडवायचं आणि मामांनी मोबाइलवर वेळ लावायची. पातळ निळे मोजे अडीच मिनिटांत हरले. सगळ्यांचा ज्यांच्यावर भरवसा होता ते जाड पिवळे मोजे एकोणीस मिनिटं टिकले. फक्त काळ्या ब्युटाइल रबराच्या मोज्यातला हात दुपार टळली तरी कोरा राहिला. कारखान्याचे मॅनेजर वरुटे साहेब आधी दारात उभे राहून बघत होते. नंतर तेच खुर्ची ओढून पुढे येऊन बसले. संध्याकाळच्या आत बाकीचे सगळे मोजे कचऱ्यात गेले. दुसऱ्या आठवड्यात तिने आणखी चार गळत्या काढल्या. तिसऱ्या आठवड्यात वरुट्यांनी तिला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "सुरक्षा प्रमुख होणार का?" बारावी झालेल्या केतकीला हसावं की रडावं ते कळेना. तिने दोन्ही केलं.

एकच गोष्ट तिच्या अखत्यारीबाहेर राहिली, ती म्हणजे 'तीर्थ'.

चार वाजता शिफ्ट सुटली की बेसिनपाशी रांग लागायची. रेझिन बोटांना असं चिकटतं की साध्या साबणाला दाद देत नाही आणि घरी भाकरीला त्याचा वास येतो. म्हणून सव्वीस वर्षांपूर्वी आनंदामामांनी तिथे एक स्टीलचा मग आणि एक पळी ठेवली. मगात डीएमएफ. पळीभर तळहातावर घ्यायचं, चोळायचं, फडक्याला पुसायचं, की हात लख्ख. पळीमुळे त्याचं नाव पडलं तीर्थ. नवा माणूस लागला की पहिल्या दिवशीचं तीर्थ मामा स्वतःच्या हाताने देणार, हा तिथला रिवाज होता. केतकीलाही त्यांनीच दिलं होतं. भिंतीवर 'द्रावणाने हात धुऊ नये' अशी पाटी होती, तिच्याच खिळ्याला पुसायचं फडकं टांगलेलं असायचं. हात भाजल्यापासून केतकी त्या रांगेत उभी राहत नव्हती, पण इतरांना काही बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं. तीर्थ मामांचं होतं ना.

मग तो रविवार आला. मामा जेवायला घरी आले होते. भाची साहेबीण होणार म्हणून ते पेढे घेऊन आले. शनिवार-रविवार दोन दिवस सुट्टी होती, आंघोळ करून कडक इस्त्रीचा सदरा घातलेला होता. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडलाच नाही.

"तुजा बाप गेला तवा तू चार वर्साची हुतीस," ते म्हणत होते. "आज तो असायला पायजे हुता."

केतकीचं लक्ष हाताकडे गेलं. तो निळा झाला होता.

"मामा, कारखान्यात जाऊन आलात काय?"

"सुट्टीचं कशाला जाईन?"

तिने त्यांचे हात साबणाने घासून धुतले आणि पुन्हा धरले. तळहात पुन्हा निळा. तिने तो त्यांच्या कपाळाला लावला, मग मानेला. जिथे लावेल तिथे निळा. हे वरून लागलेलं नव्हतं. ते मामांच्या घामातून बाहेर येत होतं.

मंगळवारी डॉक्टर मुजावरांनी रक्त तपासलं आणि दोघांना समोर बसवलं. डीएमएफ कातडीतून शरीरात गेलं की यकृत त्याचं दुसऱ्या पदार्थात रूपांतर करतं, त्या म्हणाल्या. तो पदार्थ रोज थोडा बाहेर पडतो, पण रोज नव्याने भर पडत असेल तर साठा उतरायला सवडच मिळत नाही. केतकीचा हात तोही पदार्थ ओळखत होता.

"तुम्ही दारू घेता?" त्यांनी विचारलं.

"सोडली. अकरा वर्सं झाली," मामा अभिमानाने म्हणाले. "एक घोट घेतला की तोंड लालभडक व्हायचं, छाती धडधडायची. म्हटलं देवाचीच इच्छा दिसतीय."

दारू सोडली म्हणून गावाने मामांचा सत्कार केला होता. डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल त्यांच्यापुढे सरकवला. मग त्यांनी सांगितलं की ती देवाची इच्छा नव्हती. यकृत डीएमएफशी झुंजत होतं, त्याला दारू झेपत नव्हती. यकृताला सूज होती. अजून ते सावरेल, पण द्रावणाशी संबंध आजपासून तुटला तरच.

बाहेर आल्यावर मामा बाकड्यावर बसले. "शुक्रवारपर्यंत कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले.

शुक्रवारी लाइन पाचचं उद्घाटन होतं. देशातली सगळ्यांत वेगवान लाइन. आजवर प्रत्येक लाइनचं बटण बाहेरून आलेल्या इंजिनियरने दाबलं होतं. या वेळी पहिल्यांदाच तो मान ऑपरेटरला मिळणार होता आणि तो ऑपरेटर आनंदा खोत होता. पहिल्या ताग्याचा पहिला मीटर कापून, त्यावर सही करून घ्यायची रीत होती. मामा चार लाइनींच्या वेळी टाळ्या वाजवत उभे राहिले होते.

"सांगितलंस तर साहेब मला आजच घरी बसवतील. तीन दिसांनी काय बिघडतंय? आणि तीर्थाचं तर बोलूच नकोस. सव्वीस वर्सं मी ते पोरांच्या हातावर घातलंय, केतके. माझं नाव निघालं तर मी तोंड कुठं लपवू?"

"तुमचं नाव मी घेणार न्हाई," केतकी म्हणाली. एवढंच तिने कबूल केलं. बाकीचं तिने कबूल केलं नाही, आणि हे मामांना त्या वेळी कळलं नाही.

वरुट्यांना गुपचूप सांगितलं तर आणखी एक पाटी लागली असती आणि तीर्थाचा मग उचलून शेडच्या मागे ठेवला गेला असता. पाटीवर कुणाचा विश्वास नव्हता. हातावर होता. बुधवारी तिने रजा टाकली आणि गुरुवारी सकाळी पावणेआठला ती गेटच्या आत उभी राहिली. चालण्याच्या ढबीवरून हजेरी घेणाऱ्या कॅमेऱ्यापुढून एकेक माणूस आत येत होता, आंघोळ केलेला, घरचे कपडे घातलेला.

"हात द्या," ती म्हणाली.

"काय गं, आमदारकीला हुबी ऱ्हालीस काय?" लाइन दोनचा विलास म्हणाला आणि हसत हसत त्याने हात दिला. तिने तो मिनिटभर धरून ठेवला. तळहात निळा झाला.

"काल तीर्थ घेतलंस?"

"रोजच घेतो की."

"आंघोळ करून आलायस न्हवं? मग हे कुठनं आलं?"

विलासने हात फडक्याला पुसून पुन्हा दिला. पुन्हा निळा. मागपर्यंत बातमी पसरली आणि लोक रांग सोडून पुढे घुसायला लागले. रंग ओसरला की ती पुढचा हात धरायची. दुसरा निळा. तिसरा निळा. बाया पुढे आल्या, त्याही निळ्या. कुणीतरी गोदामात बसणाऱ्या कुंभारांना ओढत आणलं, कारण ते लाइनवर कधीच येत नसत. त्यांच्या हातात हात ठेवून केतकी पूर्ण दोन मिनिटं उभी राहिली. तळहात गव्हाळच राहिला. तेव्हा हसणारे सगळे आपापले तळहात उलटसुलट करून बघायला लागले.

केतकीच्या मनात भीती होती आणि आनंदही होता, दोन्ही एकदम. जे आजवर कुणाला दिसलं नव्हतं ते ती साठ माणसांना दाखवत होती आणि साठ माणसं डोळे फाडून बघत होती. कातडीतून काय आत जातं, कुठे जातं, दारू का सोसत नाही, हे ती भराभर सांगत सुटली. "माझंबी तोंड लाल हुतंय," एकजण म्हणाला. "आनि माझं," दुसरा म्हणाला. गर्दी बघून वरुटे साहेब धावत आले. त्यांनी न सांगता हात पुढे केला. ते रोज लाइनवर फिरत, ओल्या ताग्याचा नमुना बोटांनी चाचपून बघत. तळहात फिका निळा झाला.

"माझी मुलगी आठ महिन्यांची आहे," वरुटे हळूच म्हणाले. "घरी गेलो की आधी तिलाच उचलतो."

गर्दीच्या मागे मामा उभे होते. केतकीने त्यांच्याकडे बघितलं नाही. तिने त्यांचं नाव घेतलं नव्हतं, घेणारही नव्हती. पण लोकांनी वाट दिली आणि मामा सावकाश पुढे आले.

"माझा हात बघायची गरज न्हाई," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तो रविवारीच बघून झालाय. माझ्या यकृताला सूज हाय. आनि तुमच्या हातावर पळी कुनी घातली ते तुमाला ठावं हाय. मीच घातली. मला कळत नव्हतं, पर घातली मीच." ते वरुट्यांकडे वळले. "साहेब, उद्या लाइन पाचचं बटण मी दाबत न्हाई. तिच्या भट्टीवर झाकण न्हाई, वाफ सगळी शेडमदी येनार. आधी झाकण बसवा."

"खोत, मुंबईहून पाहुणे येणार आहेत."

"येऊ द्यात की. त्यांचाबी हात बघू."

कुणीतरी हसलं. मग विलास म्हणाला, "मीबी न्हाई चालवत," आणि त्याच्या मागे एकेक करून सगळेच तसं म्हणायला लागले. वरुट्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं, खिशातून मोबाइल काढला आणि मुंबईला फोन लावला. उद्घाटन पुढे गेलं. झाकणं, नवे पाइप आणि सगळ्यांची तपासणी मिळून पाच महिने लागतील, असं दुपारपर्यंत ठरलं. मामांच्या निवृत्तीला चार महिने होते. हा हिशेब त्या शेडमध्ये सगळ्यांनी मनातल्या मनात केला.

चार वाजता शिफ्ट सुटली. मामा दिवसभर ऑफिसात बसून दुसऱ्या ऑपरेटरला मिक्सरच्या खुणा लिहून देत होते. ते बेसिनपाशी आले. तीर्थाचा मग आणि पळी तिथून हलवलेली होती. मामांच्या अंगठ्यावर कालचा रेझिनचा डाग तसाच होता. शेजारी रांग लागलेली होती, पण रांगेला काय करायचं ते कळत नव्हतं.

मामा सकाळपासून केतकीशी एक शब्द बोलले नव्हते. आता त्यांनी अंगठा तिच्यापुढे धरला. "मी तुला चुकीचं शिकवलं," ते म्हणाले. "आता तू मला शिकव. हे निघायचं कशानं?"

केतकीने पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली आणि त्यांच्या अंगठ्यावर थोडं ओतलं. "चोळा. घाई करायची न्हाई. पाच मिनिटं."

मामा चोळत राहिले. पाच मिनिटांनी तिने साबण दिला. डाग कडेने सुटला, त्याची सुरळी झाली आणि पाण्याबरोबर ती वाहून गेली. अंगठा स्वच्छ झाला.

"एवढंच?"

"एवढंच. काल रजा काढून दिवसभर डाव्या हातावर रेझिन फासून बघत हुते. बेसन, दही, राख, सगळं करून बघितलं. तेलानं निघालं."

"पाच मिनिटं," मामा म्हणाले. "सव्वीस वर्सं मी पाच मिनिटं वाचवली." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि तेलकट हाताने ते पुसताही येईना. केतकीने पदराने त्यांचं तोंड पुसलं. तिलाही रडू येत होतं. पण आतून तिला इतकं हलकं वाटत होतं की ती रडता रडता हसत होती.

मामांनी तिच्या हातातून बाटली घेतली आणि रांगेकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाले, "या रं पुढं एकेक. हात सरळ धरा. आनि पाच मिनिटं म्हंजे पाच मिनिटं, मी घड्याळ लावनार हाय."

विलासने पहिला हात पुढे केला. चौदाव्या माणसापर्यंत बाटली संपली, आणि सुरक्षा प्रमुख केतकी संकपाळ दुसरी आणायला गेटाबाहेरच्या दुकानाकडे पळत सुटली.